आम्ही आताच जेवलो

"साहेब, तुमच्या घरी नळाला पाणी किती वाजता येतं?"

हा प्रश्न मी विचारायचा, तोही माइकवर, सगळ्या शाळेसमोर, अशी पैज होती. पैज लावली अलकाने. प्रश्न रोशनीचा. आणि जीभ माझी, कारण नववी 'अ'मध्ये माझ्याएवढी लांब जीभ दुसऱ्या कुणाची नाही. प्रगतिपुस्तकात बाईंनी तसं लिहूनच टाकलं होतं : 'बडबड कमी करावी.' विचारला तर आठवडाभर मधल्या सुट्टीत कालाखट्टा गोळा. नाही विचारला तर मी अलकाचं दप्तर वाहायचं.

दिवस सव्वीस जानेवारीचा, साल १९९३. पाहुणे होते भगवंतभाई. कुठल्या नळाला कधी पाणी सोडायचं ते ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष. सिल्वासात भगवंतभाईंना न ओळखणारा माणूस म्हणजे तो कालच वापीच्या बसमधून उतरला असणार. झेंडा झाला, भाषण झालं, आणि ते म्हणाले, "कुणाला काही विचारायचंय? बिनधास्त विचारा. मी काय वाघ आहे?"

मी उठले. पाय कापत होते, पण पाय स्कर्टखाली असतात, कुणाला दिसत नाहीत. विचारून टाकलं.

मुख्याध्यापकांनी डोळे मिटले. भगवंतभाई एवढ्या मोठ्याने हसले की माइक कुईं करून ओरडला.

"बेटी, पाणी किती वाजता येतं ते आमच्या मंडळींना विचार. मला एवढंच ठाऊक, पहाटे बादल्या खडखडल्या की मी डोक्यावर चादर ओढतो!"

सगळं मैदान हसलं.

"पण सवाल चांगला आहे हां. आता मी एक विचारतो. घरात तवा एक, पोरं सहा. सगळी ओरडतात, भाकरी मला आधी. आई काय म्हणते?"

"थांब!" सगळी शाळा ओरडली.

"थांब म्हणणारी आई वाईट असते का?"

"नाही!"

"बस. सिल्वासा म्हणजे आपलं एक घर आहे. तवा एकच आहे. मी पण फक्त 'थांब' म्हणतो."

टाळ्याच टाळ्या. मीही वाजवल्या, हात लाल होईपर्यंत. रोशनी माझ्या शेजारीच होती. ती म्हणाली, "पण किती वाजता ते सांगितलं कुठे?"

"अगं, काय मस्त बोलले!"

"बोलले मस्त. मी पाणी विचारलं होतं."

मी तिच्याकडे लक्षच दिलं नाही, कारण भगवंतभाई मला हाताने बोलवत होते. नाव विचारलं, बाबांचं विचारलं. "चंद्रकांतभाईंची मुलगी? धाग्याच्या कंपनीतले? अरे वा!" मग आवाज खाली आणून, जणू मी त्यांच्या बरोबरीची आहे, असं म्हणाले, "हे बघ, माझं मराठी म्हणजे खिचडी. थोडं गुजराती, थोडं हिंदी. आणि अथालकडच्या कामगारांच्या लाइनीत राहणारी माणसं सगळी धुळ्या-जळगावची. त्यांच्याशी त्यांच्या घरातलं बोलायला पाहिजे. पुस्तकातलं नको. चुलीजवळचं पाहिजे. लिहून देशील मला?"

मी त्या दिवशी घरी चालत गेले की उडत, मला आठवत नाही. बाबांनी पेढे आणले. आम्ही नाशिकहून इथे आलो त्याला चार वर्षं झाली होती; बाबा कंपनीत मॅनेजर, आम्ही कंपनीच्याच क्वार्टरमध्ये. चार वर्षांत बाबांना कुणी विचारलं नव्हतं ते मला विचारलं होतं. "आमची जुई आता भाईंची भाषणं लिहिणार," असं ते शेजारच्या काकांना फाटकापाशी उभं राहून सांगत होते, आणि मी आतून ऐकत होते. गोळा मी दोनच दिवस खाल्ला. उरलेला अलकाला माफ केला. एवढी मी मोठ्या मनाची झाले होते!

पण चुलीजवळचं आणायचं कुठून? आमच्याकडे गॅस. आई पुण्याची, आमटीत गूळ घालणारी. म्हणून मी रोशनीच्या घरी गेले.

रोशनीची लाइन अथालच्या वळणावर आहे. बत्तीस खोल्या, एक नळ. नळाला तेव्हा सकाळी सहा ते सात पाणी यायचं. रोशनीचे वडील वाल्मिककाका बाबांच्याच कंपनीत मशीनवर आणि आई चिमामावशी पॅकिंगला. रविवार होता. मावशीने कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी थापली, वर ठेचा. मी तीन खाल्ल्या आणि नाकातून पाणी आलं तरी चौथी मागितली.

"मावशी, तुम्ही बसा ना आता."

"आम्ही आताच जेवलो बई."

रोशनी फिस्सकन हसली. "खोटं बोलते. आई, सांग ना हिला गावचं."

मग मावशीने सांगितलं. शिरपूरकडच्या त्यांच्या गावात, घरात पीठ थोडं असलं आणि नेमका जेवायच्या वेळी पाहुणा आला, की घरचे सगळे म्हणायचे, आम्ही आताच जेवलो. लहान पोरंसुद्धा. आणि मावशीची सासू आत जाऊन रिकाम्या पातेल्यात पळी वाजवायची, टण्ण टण्ण, म्हणजे पाहुण्याला वाटावं, आत अजून भरपूर आहे. त्याने पोटभर जेवावं. मावशी सांगताना पळी वाजवून दाखवत होती, आणि आम्ही तिघी हसून लोळत होतो.

हसता हसता मी दप्तरातून वही काढली.

"काय लिहितेस वं?"

"काही नाही मावशी. शाळेचं."

तेव्हा मला हे खोटं वाटलंच नाही. मजा आणायची होती, मावशीला एकदम सभेत ऐकवायचं होतं. असं मी स्वतःला सांगितलं होतं. विचारलं असतं तर मावशी कदाचित 'नको' म्हणाली असती, हेही कुठेतरी ठाऊक होतं, पण ते मी स्वतःला सांगितलं नाही.

फेब्रुवारीत लाइनीसमोरच्या मोकळ्या जागेत सभा झाली. सुरुवातीला मी दोन मिनिटं बोलले. मग भाई उठले. माझा कागद त्यांनी खिशातून काढलासुद्धा नाही, पाठ केला होता!

"आमच्या खानदेशात," ते म्हणाले, आणि ते खानदेशातले नाहीत हे सगळ्यांना माहीत असूनही टाळ्या पडल्या. "आमच्या खानदेशात पाहुणा दारात आला, घरात पीठ मूठभर, तर घरचा माणूस काय म्हणतो? आम्ही आताच जेवलो! आणि आमची माय काय करते?" त्यांनी टेबलावरचा स्टीलचा पेला उचलला आणि त्यावर पेन वाजवलं. टण्ण, टण्ण. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. म्हातारी माणसं मान डोलवायला लागली. त्यांच्या घरातलं त्यांना कुणी पहिल्यांदाच माइकवर सांगत होतं.

"आता मला सांगा, हे नवे कारखाने कोण? आपले पाहुणे! त्यांच्यामुळे आपल्या हाताला काम. त्यांच्या नव्या शेडला पाणी कमी पडतंय. पाहुण्यापुढचं ताट आपण ओढून घेणार? दोनच महिने हा नळ बंद राहील. टँकर येईल. मग नवी टाकी. तोवर आपण काय म्हणायचं?"

"आम्ही आताच जेवलो!" लाइन ओरडली. कबूल असणाऱ्यांनी हात वर करा म्हटल्यावर हात वर झाले.

मी चिमामावशीला शोधत होते. ती कडेला उभी होती. तिचा हात खाली होता आणि ती हसत नव्हती. मला वाटलं, तिच्या डोळ्यांवर ऊन येतंय.

तिसऱ्या दिवशी नळ बंद झाला. टँकर दोनदा आला. मग आलाच नाही.

रोशनी शाळेत उशिरा यायला लागली. मग दिवसाआड. मग आठवडाभर तिची जागा रिकामी. मला वाटलं, रुसली असेल, माझं नाव झालंय म्हणून. हे लिहितानासुद्धा कान गरम होतात, पण खरंच असं वाटलं होतं. मी बाईंना माझं भाषण म्हणून दाखवत होते, वर्गात भाईंची नक्कल करत होते, कंपासपेटीवर पेन वाजवत होते.

एकदा मी अशीच टण्ण टण्ण करत असताना अलका म्हणाली, "पुरे गं भाषणबाई. रोशनी कुठे असते माहितेय का तुला?"

"कुठे?"

"दमणगंगेवर. हंडा घेऊन. दोन खेपा करते, दुसरी खेप घरी पोचेपर्यंत शाळेची घंटा झालेली असते. तिची आई साडेसातला कामावर जाते, मग दुसरं कोण आणणार? तुला कसं माहीत नाही? तुझंच तर होतं भाषण."

मी पेन कंपासपेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. 

त्याच आठवड्यात भाईंचा निरोप आला. पाडव्याला नव्या टाकीचं भूमिपूजन. मी बाबांबरोबर त्यांच्याकडे गेले. त्यांनी मला लिंबू सरबत दिलं, बर्फ घालून. "टाकीला एक वर्ष लागणार, बेटी. लोकांना अजून थोडं थांबवायला पाहिजे. तसंच एखादं आण. चुलीजवळचं. तुला जमतं ते. आणि मागच्यासारखं आधी तू दोन मिनिटं बोल."

"टँकर येत नाहीये," मी म्हणाले.

"येईल, येईल. घरात लग्न निघालं की एखादा दिवस उपाशी राहावंच लागतं की नाही?" ते हसले. बाबा हसले. मी पण हसले. सरबत गोड होतं.

त्या रविवारी दुपारी मी रोशनीकडे गेले. तिला भेटायला. आणि खरं लिहायचं तर, नुसतं भेटायला नाही. वही दप्तरात होती. मावशीकडे अजून एखादं वाक्य असेल, असं माझ्या मनात होतं.

रोशनी जमिनीवर झोपली होती, भर दुपारी, तोंड उघडं टाकून. उशाशी डोक्यावर हंड्याखाली ठेवायची फडक्याची चुंबळ होती, अजून ओली. वाल्मिककाका पाळीला गेले होते. चिमामावशी म्हणाली, "ये बई, ये. उन्हातून आलीस." आणि ती पडद्यामागे गेली. त्या खोलीत स्वयंपाकाचा कोपरा जुन्या साडीच्या पडद्यामागे आहे.

पडद्यामागून आवाज आला. पेला हंड्याच्या बुडाला लागल्याचा. टण्ण. मग खरवडल्यासारखा. मग परत टण्ण.

तो आवाज मी ओळखला. मीच तो कागदावर उतरवला होता.

मावशी पेला घेऊन आली. काठोकाठ भरलेला.

"तुम्ही, मावशी?"

"आम्ही आताच प्यायलो."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. टोमण्याला मला उत्तर देता येतं. पाहुण्याला म्हणतात तसं ती म्हणाली, अगदी साधं. मला तो पेला तोंडाला लावता येईना, आणि खालीही ठेवता येईना. पाणी थोडं गढूळ होतं.  तिच्या घरात मी आता कोण होते? लेकीची मैत्रीण नव्हते. पाहुणी झाले होते.

"मावशी, ते भाषण..."

"ऐकलं ना. चांगला बोलला तो. होतं माझंच, पण चांगला बोलला."

"मी तुम्हाला विचारलं नाही."

"हां." ती माझ्यासमोर बसली. "त्या दिवशी तुले एक सांगायचं राहिलं. तू भराभरा लिहीत होतीस, म्हणून मी मधे बोलले नाही. पाहुणा जेवतो, हात धुतो, अन् जातो. म्हणून उपास सोसतो. हा कारखाना तर राहाले आला. अन् अजून एक. 'आम्ही जेवलो' असं आम्ही म्हणायचं असतं, बई. आमच्या तोंडून. पाहुण्यानं आमच्या वतीनं म्हणायचं नसतं."

मी मान खाली घातली. जमीन शेणाने सारवलेली होती, एका ठिकाणी पोपडा सुटला होता. सारवायलाही पाणी लागतं.

आमच्या बोलण्याने रोशनी उठली. डोळे चोळत माझ्याकडे बघितलं, मग माझ्या दप्तराकडे.

"वही आणलीस?"

"हो."

"शाळेची?"

"नाही."

 रोशनीने चुंबळ उचलून पिळली, आणि उंबऱ्यावर वाळत टाकली. तळहात सोललेले होते.

"परीक्षेला येशील ना गं?"

"बघू. पेपर आठला. दुसरी खेप साडेआठला संपते." मग एकदम हसली, जुन्यासारखी. "तू विचार ना भाईंना, परीक्षेला पण थांब म्हणतात का."

मला हसू आलं नाही. मी मावशीला म्हणाले, "मी पाडव्याला हे सगळं माइकवर सांगू? तुम्ही आता म्हणालात ते? तुमचं नाव घेऊन?"

मावशी पटकन पुढे सरकली. "नाव नको घेऊ. यांची नोकरी आहे. तुझ्याच बाबांच्या हाताखाली."

"आणि नाव न घेता?"

मावशीने एकदा रोशनीकडे बघितलं. मग म्हणाली, "ह्या वेळी विचारलंस तरी. सांग. पण आधी पाणी पी. टाकून देऊ नको."

मी प्यायले. सगळं.

घरी आले तेव्हा बाबा पाइप लावून स्कूटर धूत होते. पाणी फाटकाखालून रस्त्यावर गेलं होतं आणि तिथे दोन चिमण्या अंघोळ करत होत्या. आई कुंड्यांपाशी होती. दर रविवारी हे असंच असतं. मी चार वर्षं ह्या फाटकातून येते-जाते, पाय ओले होऊ नयेत म्हणून उडी मारून.

आज मी उडी मारली नाही.

"बाबा, आपल्या नळाला पाणी किती वाजता येतं?"

"आपल्याला कुठली आलीय वेळ?" त्यांनी वर न बघताच सांगितलं. "कंपनीची लाइन आहे. चोवीस तास."

अख्ख्या शाळेसमोर मी हा प्रश्न विचारला होता. स्वतःच्या घरात कधीच विचारला नव्हता. आणि उत्तर इतकं सोपं होतं, एका श्वासात मिळालं.

"भाईंचं लिहून झालं का?" बाबा म्हणाले. "पाडव्याला आमचे मोठे साहेबपण येणार आहेत. मी सांगितलंय त्यांना, मुलगी माझी आहे म्हणून. चांगलं जोरात होऊ दे."

"रोशनी परीक्षा देणार नाहीये बहुतेक."

"का? हुशार आहे की ती."

"नदीवरून पाणी आणते. तिचा नळ आपण बंद केला."

"आपण?" बाबांनी आता वर बघितलं. पाइप तसाच वाहत होता. "जुई, समिती ठरवते ते. आपण इथे नोकरीसाठी आलोय. घरात राहायचं तर घराच्या रीतीने..."

ते मधेच थांबले. त्यांनाही ऐकू आलं असावं, हे कुणासारखं बोलणं झालं ते. आईने कुंड्यांमधून उठून भिंतीवरचा नळ बंद केला. पाइप दोनदा थुंकला आणि गप्प झाला. आई ओले हात पदराला पुसत माझ्याजवळ येऊन उभी राहिली. आत गेली नाही.

मी दप्तर खांद्यावरून काढून फाटकाला अडकवलं. 

"आई, बाबा, मी ठरवलंय," मी म्हणाले. "पाडव्याला मी माइकवर जाणार. भाईंना नवीन वाक्य देणार नाही. जुनं परत घेणार. ते मी दुसऱ्याच्या घरातून न विचारता उचललं होतं आणि अर्धंच उचललं होतं, हे सांगणार, आणि उरलेलं अर्धं वाचून दाखवणार. कुणाचंच नाव घेणार नाही, फक्त माझं. मग आपल्या नळाला पाणी किती वाजता येतं तेही सांगणार. बाबा, तुमचे मोठे साहेब पहिल्या रांगेत असतील. तुम्हाला तिथे बसवणार नसेल, तर येऊ नका. मी जाणार आहे."